कांद्याची गाडी पुढे

लढाईवर होतो म्हटलं की समोरचा माणूस सरसावून बसतो. वाशीम ते शिरपूर चालणाऱ्या माझ्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये सरसावायला जागा नसते, पण मान तरी पुढे येते. मग प्रश्न ठरलेला.

"फौजी, किती मारले?"

मी गिअर बदलतो. रस्त्याकडे बघतो. पडदा वर जायच्या आधी नाटकवाले थांबतात तेवढा थांबतो. मग सांगतो, "एकही नाही. मी कांदे पोचवत होतो."

मान मागे जाते. एखादी आजी पदराआड हसते. एकदा एक मास्तर तर चक्क म्हणाले, "मंग त्याले लढाई कायले म्हनता?" मी त्यांना शिरपूर येईपर्यंत उत्तर दिलं आणि ते उतरायचंच विसरले. संपादकांनी जागा दिली आहे, तेव्हा तेच उत्तर इथं लिहितो. वाचकाला उतरायचं नसतं, हा लेखनाचा फायदा.

आधी धंदा समजून घ्या. डोंगरावर एक जवान लढतो तेव्हा त्याला पीठ लागतं, स्टोव्हला रॉकेल लागतं, पायाला कोरडे मोजे लागतात आणि खाली त्याच्या तोफेला गोळे लागतात. हे सगळं आधी रेल्वेनं येतं, मग मोठ्या ट्रकांनी, मग आमच्या तीन टनी गाड्यांनी, मग खेचरांवर आणि शेवटी माणसाच्या पाठीवर. या साखळीतली आमची कडी मधली. मधल्या कडीचा फोटो कोणी काढत नाही.

पण गिऱ्हाइकं आम्हालाच भेटतात. एका चौकीवरचा तमिळ हवालदार गोळाबारी चालू असताना माझी गाडी अडवून विचारायचा, लोणचं आणलं का. नाही म्हटलं की रुसायचा. शेवटी आईनं आमच्या गावाहून, जऊळक्याहून दिलेली आंब्याच्या लोणच्याची बरणी मी त्याच्या हवाली केली. तेव्हापासून त्याच्या बंकरमध्ये माझी जागा राखीव. जिवंत बकऱ्याही आम्हीच न्यायचो. एका बकरीनं माझ्या सहचालकाची लोकरी टोपी खाल्ली. सहचालकाचं नाव नेगी, गढवालचा. त्यानं तिला उतरवून देताना लंगरवाल्या स्वयंपाक्याला बजावलं, "इसको सबसे पहले।"

आता भीमराव दादाकडे येतो, कारण ही गोष्ट त्याची आहे.

भीमराव दादा अनसिंगचा. आमच्या कंपनीत वाशीम जिल्ह्याचे आम्ही दोघंच. तो हवालदार, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा आणि कंपनीतला सगळ्यात चांगला चालक. मी पहिल्यांदा हजर झालो तेव्हा सगळे एकमेकांशी हिंदीत बोलत होते, आणि मागून आवाज आला, "काहून बे, वाशीमचा हायेस न तू?" मी वळून पाहिलं. मिशीवाला माणूस बोनटवर कपडा फिरवत होता. "जयभीम दादा," मी म्हणालो. "जयभीम. इकडं ये. धर हा फडका," तो म्हणाला. नोकरीतलं माझं पहिलं काम ते.

गाडी पुसणं हे दादाचं काम नव्हतं, व्रत होतं. शांततेच्या काळात आमच्याकडे गाडीची तपासणी फार कडक. साहेब पांढरा रुमाल घेऊन येत आणि मडगार्डच्या आतून फिरवत. रुमाल काळा झाला की तुमचा रविवार गेला. सगळे चालक या भीतीनं गाडी धूत. दादा मात्र रोज पहाटे, तपासणी असो नसो, इंजिन चालू करायच्या आधी मगभर पाणी घेई, बोनटवर मारी, समोरची काच लख्ख पुसे, बोनटवर दोनदा थोपटे आणि म्हणे, "चाल बाई."

एकदा मी त्याला छेडलं. "दादा, सरकारी गाडी हाय. एवढा लाड कायले?"

तो पुसता पुसता बोलला. "आमच्या बाबानं जनमभर दुसऱ्याचे बैल धुतले, गजा. सालदार होता न तो. पोळ्याले झूल टाकाची ते दुसऱ्याच्याच बैलावर. ही सरकारची हाय, मले ठावूक हाय. पन सरकार काही हिचं तोंड धुवाले येत नाही. मी धुतो. म्हनून माही."

आमच्या घरी दोन बैलजोड्या होत्या. धुवायला सालदार होता. मी फडका घेऊन मडगार्डकडे वळलो.

मग कारगिलची लढाई लागली आणि एका दिवसात सगळं उलटं झालं. नवा हुकूम आला की गाडी घाण करा. शत्रू वर शिखरांवर बसलेला, रस्ता खाली त्याच्या पायाशी. दुर्बिणीतून बघणाऱ्याला करड्या डोंगरावर करडी गाडी चटकन दिसत नाही. दिसतात दोनच गोष्टी, चमकलेली काच आणि उडालेली धूळ. म्हणून आम्ही समोरच्या काचेला चिखल फासायचो, बघण्यापुरती तळहाताएवढी जागा ठेवायचो. बाजूचे आरसे दुमडायचे. उघड्या टप्प्यावरून रात्री, दिवे न लावता जायचं. आणि वेळ अशी आलीच की दिवसा जावं लागलं, तर बैलगाडीच्या चालीनं जायचं. धूळ उडता कामा नये.

या शेवटच्या नियमात सगळी गंमत आहे. माणसाला भीती वाटली की त्याचा पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटर दाबतो. आमचं सगळं कौशल्य एवढंच, की भीती वाटत असताना तो पाय वर ठेवायचा.

दादानं काचेला चिखल फासला तेव्हा त्याचा चेहरा लेकीच्या तोंडाला काजळी फासावी तसा झाला होता. पण फासला. हुकूम म्हणजे हुकूम.

त्या दिवशी असं झालं. वर घाटात दरड कोसळली आणि आमचा ताफा अडकला. अंधारात पार करायचा उघडा टप्पा आम्ही गाठला तेव्हा उजाडलं होतं. नियमानं आम्ही तिथंच डोंगराच्या आडोशाला दिवसभर थांबायचं. पण पलीकडच्या तोफांजवळचे गोळे संपत आले होते, आणि त्याच संध्याकाळी आपली एक पलटण शिखरावर चढणार होती. ती पोरं चढत असताना तोफा गप्प राहिल्या तर काय होईल, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आमचे सुभेदार साहेब हरियाणाचे. उंच, कमी बोलणारे. त्यांनी सगळ्या चालकांना एका खडकामागे बसवलं आणि मातीत काडीनं रस्ता काढला. कच्ची वाट, नदीच्या कडेकडेनं, विळ्यासारखी वाकलेली. दोन-अडीच किलोमीटर सगळं उघडं. मधे उजवीकडे एक मेंढपाळांची वाट फुटते, ती एका कोरड्या नाल्यात जाऊन संपते. तिकडे जायचं नाही.

"पहले प्याज़ जाएगा," साहेब म्हणाले.

कांदा, रॉकेल आणि पीठ भरलेली गाडी दादाची होती. तिच्या मागे, बरंच अंतर ठेवून, माझी. माझ्यात गोळे. मी सुरक्षित पार झालो की मागच्या गोळ्याच्या गाड्या एकेक करून निघणार. वाट रात्रीच्या पाण्यानं कुठं खचली असेल तर ते पहिल्या गाडीला कळावं, असा हिशेब. म्हणजे पुढे सगळ्यात चांगला चालक आणि सगळ्यात स्वस्त माल. त्या गाडीत दुसरा माणूस नको, असंही साहेबांनी ठरवलं.

"साहब," नेगी हळूच म्हणाला, "और प्याज़ को कुछ हो गया तो?"

"तो दाल बिना प्याज़ की खाना."

दादा हसला. उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पाय आवरजो लेका. तुह्या पायाचा मले भरोसा नाही."

मी माझ्या गाडीखाली शिरलो. गोळ्यांच्या पेट्या बांधलेला एक दोर सैल झाला होता, तो आवळायचा होता. दादा त्याच्या गाडीकडे गेला. मला त्याचे फक्त बूट दिसत होते. शेजारच्या गाडीखाली शिरलेल्या एका चालकाला तो पोळ्याबद्दल सांगत होता, की आमच्याकडे बैलांची मिरवणूक कशी निघते, शिंगं कशी रंगवतात. बोलत बोलत बूट गाडीभोवती फिरले. दोनदा बोनटवर थोपटल्याचा आवाज आला. "चाल बाई."

इंजिन सुरू झालं.

दादा उन्हात शिरला आणि ठरलेलं अंतर पडल्यावर मी निघालो. पहिला गिअर. माझ्या शेजारी नेगी, आणि पाठीशी एवढा दारूगोळा की लागला असता तर आमचं काही शोधावंच लागलं नसतं. मी नाटकी माणूस आहे, मान्य, पण त्या वेळी एकही विनोद सुचत नव्हता. नेगी चिखलातल्या तळहाताएवढ्या भोकातून बाहेर बघत होता. चाकाखालचा दगड न् दगड ऐकू येत होता.

"तेरी गाडी से तेज तो मेरी दादी चलती है," तो म्हणाला.

"उसके पीछे गोले नहीं थे।"

वाट विळ्यासारखी वाकलेली, असं मी वर सांगितलं. त्यामुळे दादाची गाडी वळण घेऊन पुढे गेली तेव्हा ती नदीच्या वाकणापलीकडे अर्धी माझ्याकडे तोंड करून आली. आणि तेव्हा मला ते दिसलं.

काच चमकली.

एकदा नाही. गाडी प्रत्येक खड्ड्यात डुलली की चमकायची. सकाळचं तिरपं ऊन आणि धुतलेली लख्ख काच. मोठा आरसा घेऊन कोणी डोंगराला खुणा करत असावं तशी.

नेगीनं शिवी दिली नाही. तो म्हणाला, "धो दिया उसने।"

मला सगळं एका क्षणात कळलं. ते फिरणारे बूट, ते थोपटणं. त्याची जीभ पोळ्यात होती आणि हात रोजच्या कामाला लागले होते. इतक्या वर्षांची पहाट हातात बसली होती. मगभर पाणी, फडका, काच. त्यानं चिखल धुतला आणि त्याला कळलंही नाही.

आमच्याकडे वायरलेस नव्हता. हॉर्न वाजवून उपयोग नव्हता. दोघांच्या मधे नदीचं वाकण आणि सगळं उघडं आकाश.

पहिला गोळा नदीपलीकडे लांब पडला. बाहेरच्यांसाठी सांगतो, पहिला गोळा मारायला नसतो, मोजायला असतो. वर बसलेला माणूस बघतो की कुठं पडला, आणि खाली तोफेला सांगतो, इतकं डावीकडे, इतकं अलीकडे. दुसरा जवळ येतो. तिसरा कुठं येतो ते सांगायला नको.

दुसरा दादाच्या मागे, वाटेच्या कडेला पडला. म्हणजे दादाच्या आणि माझ्या मधे. वरचा माणूस आता या वाटेवर दुर्बीण फिरवत होता. अजून थोडी फिरवली असती तर त्याला मी दिसलो असतो.

दादाची गाडी थांबली. अगदी थोडा वेळ. मला वाटलं बंद पडली. नंतर त्यानं मला सांगितलं की दुसऱ्या गोळ्यानं तो दचकला आणि त्याला आपल्या समोर पूर्ण रस्ता दिसला. तळहाताएवढा नाही, पूर्ण. तेव्हा त्याला कळलं की काच स्वच्छ आहे.

मग त्यानं जे केलं ते आमच्या धंद्यात चालकानं कधीच करायचं नसतं. त्यानं पाय दाबला. गाडी उजवीकडे वळवली आणि त्या मेंढपाळांच्या वाटेला घातली, जी कुठंच जात नाही. आणि धूळ उडवली. काय धूळ उडवली. चैतात आपल्या शिवारात वावटळ उठते तशी ती डोंगराच्या कडेला उभी राहिली. गाडी नागमोडी पळत होती, मुद्दाम, वाटेवरून खाली, खालून वर. तीन टन कांदा-रॉकेल घेऊन असा नाच मी आधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

सगळे गोळे त्या धुळीमागे गेले.

"वो हमारे लिए..." नेगी म्हणाला.

आता दाब, आता कोणी बघत नाही, असं सगळं अंग सांगत होतं. आणि त्याच वेळी दादाचं वाक्य कानात, की तुह्या पायाचा मले भरोसा नाही. मी दाबला असता तर माझीही धूळ उठली असती आणि त्यानं उठवलेली वाया गेली असती. मी पहिल्याच गिअरमध्ये राहिलो. उजवीकडे धडाम होत होतं आणि मी बैलगाडी हाकत होतो. एकदा धडाम झालं आणि नंतर लगेच दुसरा, मऊसा, भडका उडाल्याचा आवाज आला. रॉकेल. मी तिकडे पाहिलं नाही. नेगीनं पाहिलं. त्याच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही.

गोळे पोचले. तोफखान्याच्या पोरांनी पेट्या अशा उतरवल्या की जणू लग्नाचं वऱ्हाड जेवायला बसलंय आणि पंगतीला उशीर झालाय. मागच्या गाड्याही एकेक करून आल्या, सगळ्या बैलाच्या चालीनं. गोळाबारी थांबली होती. वरच्याला वाटलं असेल, मोठी शिकार झाली. झाली होती ती कांद्यांची.

सुभेदार साहेब शेवटच्या गाडीतून आले. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते म्हणाले, "चल."

आम्ही तिघं, साहेब, नेगी आणि मी, खडकांच्या आडोशानं पायी त्या नाल्याकडे गेलो. आणि तिथं पोचायच्या आधी वास आला. हे मी जीपमध्ये सांगतो तेव्हा लोक हसतात, आणि मी हसू देतो. सगळ्या नाल्यात कांदा तळल्याचा खमंग वास भरला होता. सणाच्या दिवशी घराघरातून येतो तसा. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याच वेळी पोटात खड्डा पडला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

गाडीचा सांगाडा उरला होता. आत कोणी नव्हतं.

"दादा," मी हाक मारली. परत मारली.

"बोंबलतं कायले बे," खालून आवाज आला.

नाल्यातल्या मोठ्या दगडामागे तो बसला होता. भुवया जळालेल्या, मिशी अर्धी, डावा हात छातीशी धरलेला. उजव्या हातात फडका. गाडीकडे बघत होता.

मी त्याच्याजवळ बसलो. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "माल पोचला?"

"पोचला."

"समदा?"

"समदा. तुहे कांदे सोडून."

तो मान हलवत राहिला. मग हळूच म्हणाला, "मी पुसली रे काच. रोजच्यावानी. मले समजलंच नाही. हातच गेला." डोळ्यांतून पाणी वाहत होतं, काळ्या गालावर दोन वाटा पडल्या होत्या. "वळणावर उडी मारली मी. थे मात्र तशीच गेली. एकटी."

साहेब मागे येऊन उभे होते. त्यांना मराठी येत नव्हती, पण एवढं कळायला भाषा लागत नाही. लढाईत गाडी गेली की चौकशी होते, आणि हुकूम मोडून काच स्वच्छ ठेवली, हे काही लहान प्रकरण नव्हतं. साहेबांनी दादाला विचारलंच नाही. मला विचारलं, कारण मी मागच्या गाडीत होतो.

"शीशे पे मिट्टी लगी थी?"

मी उभा राहिलो. सावधान झालो. आयुष्यात पुष्कळ सोंगं केली, पण असा प्रेक्षक पुन्हा मिळाला नाही. समोर जळका सांगाडा, त्यावर नाल्याची माती पडलेली.

"साहब," मी म्हणालो, "शीशा तो अब है नहीं। मिट्टी ही मिट्टी है।"

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग सांगाड्याकडे. मग दादाच्या हातातल्या फडक्याकडे. त्यांनी वाकून तो फडका त्याच्या हातातून सोडवला, त्याच फडक्यानं त्याचा भाजलेला हात गळ्याशी बांधला, आणि म्हणाले, "दो दिन दाल बिना प्याज़ की। सबको बोल देना।"

एवढंच. पुढे कोणी काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी तोफा बोलल्या. आमची पोरं चढली. शिखर घेतलं. सगळी खाली आली नाहीत. त्यांच्या नावाची पत्रं वर पोचवायची असतात ती आम्हीच नेतो, आणि माणूस नसला की परतही आम्हीच आणतो. ते पोतं माझ्या गाडीत होतं. हलकं असतं. मी गोळे नेताना जितका हळू गेलो नव्हतो तितका ते आणताना गेलो. लोणच्यावाल्या तमिळ हवालदाराच्या नावाचंही एक पत्र त्यात होतं. मागच्या सीटवरून अजून कधी मान पुढे येते आणि विचारते, किती मारले, तेव्हा ते पोतं आठवतं. पण ते मी जीपमध्ये सांगत नाही. इथं लिहिलं.

दादाला शाबासकीचं पदक मिळालं नाही. द्यायचं म्हटलं तर सांगावं लागलं असतं की शत्रूला गाडी का दिसली. आम्ही गप्प बसलो आणि त्याचं शौर्यही त्या गप्प बसण्यात बुडालं. याची मला हळहळ आहे. दादाला नाही. तो निवृत्त होऊन अनसिंगला आला, शेत घेतलं, बैलजोडी घेतली. आता पोळ्याला झूल त्याच्या स्वतःच्या बैलांवर असते, आणि तो बैलांचं तोंड असं धुतो की बैल लाजतात.

माझं म्हणाल तर एक खोड राहिली. माझ्या जीपची समोरची काच मी पुसत नाही. माझ्यापुरती जागा ठेवतो, बाकी धूळ तशीच. हात तिकडे जातच नाही. प्रवासी टोमणे मारतात. "फौजी, शिरपूर दिसून राह्यलं का तुमाले, की अंदाजानं जाता?" मी काहीतरी उलट बोलून वेळ मारून नेतो.

यंदा दादा शिरपूरला एका लग्नाला निघाला होता. वाशीमच्या स्टँडवर माझ्या जीपमध्ये पुढे येऊन बसला. मिशी पांढरी, पुन्हा पूर्ण वाढलेली. काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाली उतरला, खिशातून फडका काढला, पाण्याच्या बाटलीतलं पाणी काचेवर मारलं आणि पुसू लागला. मागची माणसं बघत होती. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो होतो.

काच लख्ख झाली. तिच्यातून दादाचा चेहरा दिसला, आणि मागे सगळं आकाश.

"पुसत जा गजा," तो आत येत म्हणाला. "आता वरून कोनी पाहून नाही राह्यलं." आणि बोनटवर हात पोचत नव्हता म्हणून डॅशबोर्डवर दोनदा थोपटलं.

मी गाडी काढली. स्टँडच्या बाहेर आलो तरी वेग काही घेतला नाही. मागून एक पोरगी वैतागून म्हणाली, "काका, आता तं दिसून राह्यलं न सगळं? मंग दाबा की."

रस्ता चांगला डांबरी होता. दादा मागे वळून न बघता म्हणाला, "हळूच चालू दे, बाई. धूळ उडते."